मनगट न वळणाऱ्या वायरमनचा अपघात दावा: सही करण्याआधी काय पाहायचं

प्रश्न थोडक्यात असा: पती ३८ वर्षांचे, वायरमन. सव्वादोन महिन्यांपूर्वी ठेकेदाराच्या कामावरून साताऱ्याहून पुण्याला मित्राच्या कारमधून परतत होते. खंबाटकीचा बोगदा संपल्यावरच्या वळणावर मागून टेम्पोची धडक बसली. उजव्या हाताची कोपराखालची दोन्ही हाडं मोडली, दोन प्लेटा टाकल्या. मेडिक्लेममधून बिलाचा काही भाग मिटला, उरलेला घरातून भरला. आता टेम्पोच्या विमा कंपनीकडून आलो असं सांगणारे एक गृहस्थ दीड लाखात मिटवून टाका म्हणताहेत, स्टॅम्पपेपरही सोबत आणला होता. मित्र म्हणतो मला कोर्टकचेरीत ओढू नका. सही करावी का, आणि अर्ज नेमका कुठे, कसा करायचा?

ताई, सही करू नका. दीड लाख कमी आहेत की पुरेसे, हा मुद्दा नंतरचा. आज कुणालाच, तुम्हालाही आणि त्या गृहस्थांनाही, नुकसान किती झालंय हे माहीत नाही. हाड अजून पूर्ण जुळायचंय, फिजिओथेरपी चालू आहे, मनगट किती वळेल हे कळायला आणखी काही महिने जातील. माझं काम बावीस वर्षं याच दाव्यांचं आहे. जखमी माणसाचं सगळ्यात मोठं नुकसान मी उशिरामुळे कमी आणि घाईच्या सहीमुळे जास्त झालेलं पाहिलंय.

शिवाय खरी तडजोड अशी घरच्या ओट्यावर होत नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम १४९ प्रमाणे विमा कंपनीनं नेमलेला अधिकारी लेखी देकार, म्हणजे रकमेचा प्रस्ताव देतो, तुम्हाला मान्य असेल तर मोटार अपघात दावा न्यायाधिकरणापुढे त्याची नोंद होते आणि मग ठरलेल्या मुदतीत पैसे मिळतात. त्या गृहस्थांना नाव, हुद्दा आणि देकार कंपनीच्या लेटरहेडवर द्यायला सांगा. कंपनीचा खरा अधिकारी असेल तर त्याला यात काहीच अडचण नाही.

इथेच आणखी एक गोष्ट नीट समजून घ्या, कारण जुन्या माहितीवर सल्ला देणारे यात चुकतात. पूर्वी ‘आधी नो-फॉल्टचे पैसे घेऊन टाका, मोठा दावा चालू राहील’ असं सांगत आणि ते तेव्हा बरोबर होतं. १ एप्रिल २०२२ पासून कायदा बदलला. आता कलम १६४ खाली चूक कुणाची हे सिद्ध न करता मृत्यूला ५ लाख आणि गंभीर दुखापतीला अडीच लाख मिळतात. हाड मोडणं ही कायद्यानं गंभीर दुखापतच आहे, म्हणजे तुम्ही त्यात बसता. पण कलम १४९ च्या रीतीनं ही रक्कम स्वीकारली की कलम १६६ चा, म्हणजे समोरच्याची चूक दाखवून पूर्ण भरपाई मागायचा मोठा दावा संपतो. दीड लाखांच्या जागी उद्या कुणी अडीच लाख घेऊन आलं, तर ती रक्कम म्हणजे मोठ्या दाव्याचा दरवाजा बंद करण्याची किंमत आहे हे लक्षात ठेवा. ज्याची दुखापत पूर्ण भरून आली, काम पहिल्यासारखं सुरू झालं, त्याला हा मार्ग सोयीचा असू शकतो. हातावर पोट असलेल्या माणसाचा हातच अडकला असेल तर नाही.

मुदतीचं सांगतो. अपघाताच्या तारखेपासून सहा महिन्यांत दावा दाखल करायचा. १९९४ पासून २०२२ पर्यंत मुदतीची अट नव्हती, त्यामुळे ‘कधीही करता येतो’ हे वाक्य अजून अनेकांच्या तोंडी आहे. सहा महिन्यांच्या या अटीला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिलेलं आहे आणि केवळ मुदत उलटली म्हणून दावे फेटाळू नयेत असा अंतरिम आदेशही नोव्हेंबर २०२५ मध्ये झाला. तरी त्या भरवशावर बसू नका. तुमच्याकडे अजून पावणेचार महिने आहेत, त्यात दावा आरामात दाखल होतो. उपचार पूर्ण होण्याची वाट पाहायची गरज नाही. दावा आधी दाखल करायचा, अपंगत्वाचा दाखला आणि पुढची बिलं नंतर पुराव्याच्या वेळी जोडता येतात. व्याजही सहसा दावा दाखल केल्याच्या तारखेपासून धरलं जातं, त्यामुळे प्रत्येक महिन्याची दिरंगाई तुमच्याच खिशातून जाते.

कुठे? अपघात सातारा जिल्ह्यात झाला, गुन्हा तिथल्या पोलीस ठाण्यात नोंदला गेला, म्हणून दावाही साताऱ्यातच हवा असं नाही. तुम्ही जिथे राहता, जिथे व्यवसाय करता, जिथे अपघात झाला किंवा समोरचा जिथे राहतो, यांपैकी कुठल्याही ठिकाणच्या न्यायाधिकरणात तो करता येतो. तुम्ही हडपसरला राहता, तर पुण्यात करा. साक्षीला तुमचे पती आणि त्यांचे डॉक्टर येणार, दोघंही पुण्यात आहेत.

आता कुणाविरुद्ध, आणि इथे मित्राचा प्रश्न येतो. टेम्पोचा मालक, चालक आणि टेम्पोची विमा कंपनी हे तर आलेच. माझ्या अनुभवानं सांगतो, मित्राच्या कारचा मालक आणि कारची विमा कंपनी यांनाही प्रतिवादी करा. टेम्पोची कंपनी लेखी म्हणण्यात जवळपास ठरून एक वाक्य घालते: कारनं अचानक ब्रेक मारला, चूक कारचालकाचीच. न्यायाधिकरणाला त्यात थोडंही तथ्य वाटलं आणि कारवाले दाव्यातच नसतील, तर तेवढ्या भागावरून वाद वाढतो. सर्वोच्च न्यायालयानं २०१५ मध्ये खेन्येई विरुद्ध न्यू इंडिया अ‍ॅश्युरन्स या निकालात सांगितलं आहे की दोन वाहनांची चूक असेल तर कारमध्ये बसलेला तिसरा माणूस दोघांपैकी कुणाकडूनही पूर्ण भरपाई मागू शकतो. तुमचे पती गाडी चालवत नव्हते, त्यांची चूक शून्य आहे. हे तुमचं मोठं बळ आहे.

मित्राला शांतपणे समजावा. नाव त्याचं आलं तरी पॉलिसी वैध असेल तर पैसे त्याची कंपनी देईल. नो क्लेम बोनस जातो तो स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा क्लेम केल्यावर, अशा दाव्यानं नाही. त्याच्याकडून पॉलिसीची प्रत मात्र आजच घ्या आणि ती पॅकेज म्हणजे काँप्रिहेन्सिव्ह आहे की नुसती थर्ड पार्टी, हे पाहा. खासगी कारमधल्या प्रवाशाला पॅकेज पॉलिसीत संरक्षण असतं, नुसत्या थर्ड पार्टी पॉलिसीत नसतं. कारची पॉलिसी दुसऱ्या प्रकारची निघाली तरी घाबरू नका, टेम्पोच्या दृष्टीनं तुमचे पती तिसरा पक्षच आहेत.

टेम्पोचा विमा कुणाचा हे पोलिसांच्या कागदात येईलच. तोवर एमपरिवहन अ‍ॅपवर गाडीचा नंबर टाकला की विमा कुठल्या कंपनीचा आणि कधीपर्यंत वैध हे दिसतं. अपघाताच्या तारखेला विमा चालू होता का ते पाहा आणि स्क्रीनशॉट काढून ठेवा. विमा संपलेला निघाला तर जबाबदारी थेट मालकावर येते. वसुली अवघड होते, पण दावा टिकतो. आणि ‘चालकाचं लायसन्स चालत नव्हतं’ हा बचाव ऐकलात तर लगेच खचू नका. हलक्या मोटार वाहनाच्या लायसन्सवर ७,५०० किलोपर्यंतचं मालवाहू वाहन चालवता येतं, हे सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या पीठानं नोव्हेंबर २०२४ मध्ये पक्कं केलंय. बरेचसे टेम्पो यातच बसतात. लायसन्स खरंच नसलं तरी अनेक प्रकरणांत न्यायाधिकरण कंपनीला ‘आधी जखमीला द्या, मग मालकाकडून वसूल करा’ असं सांगतं.

पोलीस ठाण्यातून काय आणायचं: फिर्याद आणि गुन्हा रजिस्टर नंबर, घटनास्थळाचा पंचनामा, दोन्ही वाहनांचा आरटीओचा तपासणी अहवाल, टेम्पोचं आरसी, पॉलिसी, परमिट, चालकाचं लायसन्स, आणि तयार झाल्यावर दोषारोपपत्र. कलमं भारतीय न्याय संहितेची २८१ आणि १२५ असतील. यातला घटनास्थळाचा पंचनामा मी नेहमी सगळ्यात आधी वाचतो. टायर घासल्याच्या खुणा कुठून कुठपर्यंत, काचा कुठे पडल्या, कोणती गाडी रस्त्याच्या कुठल्या बाजूला, कारची मागची डिकी किती आत गेली. मागून धडक बसली हे कुणाच्या साक्षीपेक्षा तो चेपलेला पत्रा जास्त चांगलं सांगतो. मित्रानं गाडी गॅरेजला टाकण्याआधी फोटो काढले असतील तर ते मूळ फोनमधून घ्या, व्हॉट्सअ‍ॅपवरून फिरून आलेले नकोत.

२०२२ च्या नियमांनुसार पोलिसांनी अपघाताचा पहिला अहवाल ४८ तासांत न्यायाधिकरणाला आणि विमा कंपनीला द्यायचा, अंतरिम अहवाल ५० दिवसांत, सविस्तर अहवाल ९० दिवसांत. तो सविस्तर अहवाल न्यायाधिकरण भरपाईचा अर्ज म्हणूनही धरू शकतं. सर्वोच्च न्यायालयानं डिसेंबर २०२२ मध्ये गोहर मोहम्मद प्रकरणात हे सगळं काटेकोर पाळा म्हणून बजावलं. पोलीस ठाण्यागणिक अनुभव वेगळा येतो, म्हणून तपासी अंमलदारांना भेटून तीन गोष्टी विचारा: पहिला अहवाल कुठल्या न्यायाधिकरणाला पाठवला, जखमीनं भरायचा फॉर्म सहा तुम्हाला कधी देणार, आणि सविस्तर अहवाल कधी जाणार. भेटीनंतर हेच एका कागदावर लिहून आवक शिक्का मारून घ्या. पोलिसांचा अहवाल येईल म्हणून स्वतःचा दावा मात्र थांबवू नका.

आता हॉस्पिटलच्या कागदांवर येतो, इथे थोडा रेंगाळणार आहे. अपघातानंतर कॅज्युअल्टीत पेशंट आला की टेबलावरचे डॉक्टर विचारतात, काय झालं? सोबत कोण असतं? घाबरलेला भाचा, रस्त्यावरचा अनोळखी माणूस. तो म्हणतो, ‘गाडीवरून पडले.’ डॉक्टर तेच लिहितात. पुढे डिस्चार्ज कार्डावर तीच ओळ येते, मेडिक्लेमच्या फॉर्मवरही तीच. वर्षा-दीड वर्षानं विमा कंपनीचे वकील तेच कार्ड हातात घेऊन विचारतात, ‘तुम्ही तर पडलात ना? टेम्पो कुठून आला?’ माझ्याकडे एक गवंडी आला होता, ट्रकनं उडवलेला. त्याच्या केसपेपरवर ‘घसरून पडला’ असं होतं. ट्रकचा नंबर, पंचनामा, सगळं असूनही त्या तीन शब्दांशी आम्ही पावणेदोन वर्षं झगडलो. शेवटी ज्या डॉक्टरांनी लिहिलं त्यांनाच साक्षीला बोलावून, माहिती पेशंटनं नव्हे तर सोबतच्या माणसानं दिली होती हे रेकॉर्डवर आणावं लागलं.

म्हणून आजच पहिल्या हॉस्पिटलातल्या कॅज्युअल्टीचा कागद, एमएलसीचा (हॉस्पिटलनं पोलिसांना कळवलेल्या केसचा) नंबर आणि डिस्चार्ज कार्ड काढून वाचा. ‘एच/ओ आरटीए’ असं असेल तर ठीक, त्याचा अर्थ रस्ता अपघात. तारीख, वेळ, उजवा हात की डावा, हे बघा. डाव्या-उजव्याची चूक मी अनेकदा पाहिलीय. चूक सापडली तर हॉस्पिटलला लेखी अर्ज देऊन दुरुस्ती मागा. जुन्या नोंदीवर खाडाखोड करून घेऊ नका, स्वतंत्र दुरुस्तीचा दाखला तारखेसह घ्या. फिर्याद उशिरा नोंदली गेली असेल तर तेवढ्यानं दावा पडत नाही. माणूस आधी जखमीला दवाखान्यात नेणार, मग ठाण्यात जाणार, हे न्यायालयांनीही मान्य केलंय.

बिलांचं. मेडिकल दुकानाची बिलं थर्मल कागदावर येतात आणि काही महिन्यांत कोरी होतात. प्रत्येकाची झेरॉक्स काढून मूळ बिलामागेच टाचून ठेवा. मेडिक्लेमसाठी मूळ कागद कंपनीकडे गेले असतील तर हॉस्पिटलकडून शिक्का मारलेल्या सत्यप्रती आणि मेडिक्लेम कंपनीकडून किती मंजूर, किती कापले याचं पत्र घ्या. मेडिक्लेमनं भरलेली रक्कम मोटार अपघाताच्या भरपाईतून वजा करायची का, यावर बरीच वर्षं वाद होता. मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठानं मार्च २०२५ मध्ये सांगितलं, वजा करायची नाही. तो विमा तुम्ही तुमच्या पैशानं, हप्ते भरून घेतला होता. तेव्हा मेडिक्लेमनं मिटवलेलं बिलही दाव्यात लावा. रिक्षा-ओलाच्या पावत्या, फिजिओथेरपीच्या प्रत्येक बैठकीची पावती, तुम्ही सांभाळायला घरी राहिलात आणि तुमचा पगार कापला गेला असेल तर त्याचं पत्र, हे सगळं एका पिशवीत जाऊ द्या.

आता मूळ गोष्ट, ज्यावर तुमचा दावा खरा उभा राहणार. अपंगत्वाचा टक्का.

डॉक्टर किंवा जिल्हा रुग्णालयाचं मंडळ हाडाची, सांध्याची मोजणी करून टक्का देतं. तो टक्का कधी फक्त हाताचा असतो, कधी पूर्ण शरीराचा. विमा कंपनी म्हणते, हाच टक्का कमाईच्या नुकसानीचा. तसं नाही. २०१० च्या राजकुमार विरुद्ध अजयकुमार या निकालात सर्वोच्च न्यायालयानं ही फोड केली, आणि आजही प्रत्येक न्यायाधिकरणात तोच निकाल टेबलावर असतो. त्यातलंच उदाहरण: डावा हात तोडावा लागला तर शारीरिक अपंगत्व साधारण ६० टक्के. पण माणूस ड्रायव्हर किंवा सुतार असेल तर कमाईचं नुकसान जवळजवळ १०० टक्के, आणि तोच सरकारी नोकरीतला कारकून असेल तर नोकरी टिकल्यानं तसं नाही. हे दोन्ही बाजूंनी चालतं हेही सांगायला हवं. त्या प्रकरणातला अर्जदार चीज विकणारा होता, पायाचं अपंगत्व ४५ टक्के, पूर्ण शरीराचं २२-२३ टक्के, आणि न्यायालयानं कमाईचं नुकसान २० टक्केच धरलं, कारण तो धंदा करू शकत होता. २०२० च्या पप्पू देव यादव प्रकरणात उलट झालं. डेटा एन्ट्रीचं काम करणाऱ्या तरुणाचा उजवा हात गेला होता, उच्च न्यायालयानं धरलेले ४५ टक्के सर्वोच्च न्यायालयानं ६५ केले आणि भावी उत्पन्नवाढही द्यायला लावली.

तुमच्या पतींचा हात घ्या. कोपराखालची दोन्ही हाडं मोडली की बहुतेक वेळा अडचण होते ती हात उलटा-सुलटा फिरवण्याची. तळहात वर, तळहात खाली. कारकुनाला याचा त्रास कमी. वायरमनला? पेचकस फिरवणं म्हणजे दुसरं काय असतं? पक्कडीनं वायर पिळणं, स्विचबोर्डाच्या मागे हात घालून टर्मिनल आवळणं, भिंतीत हॅमर ड्रिल धरणं, आणि शिडीवर एक हात धरायला, एक कामाला. उजवा हात फिरला नाही तर हे माणूस डाव्यानं शिकेल, पण तेवढ्या वेगानं नाही, आणि शिडीवर तर नाहीच. माझ्या ऑफिसात अशा अशिलाला मी टेबलावरचा एक्स्टेन्शन बोर्ड आणि पेचकस देतो आणि त्याचे स्क्रू एकेक करून उघडायला सांगतो. दोन मिनिटांत कळतं की मनगट अडलं की खांदा आणि कोपर अख्खं फिरवावं लागतं आणि चौथ्या स्क्रूला माणूस थांबतो. जबानीत नेमकं हे यायला हवं: चौथ्या स्क्रूला थांबलो. ‘हाताला त्रास होतो’ असं म्हटलं की लिहून घेणाऱ्याच्या हाताला काहीच लागत नाही.

यासाठी आत्तापासून एक वही करा. तारीख टाकून लिहा: शर्टाची बटणं कोण लावतं, ताट उजव्या हातानं उचलता येतं का, कामावर जाऊन परत आले तर किती वेळानं आणि का. ठेकेदारानं कमी मजुरीचं, नुसतं सामान पोचवायचं काम दिलं असेल तर तेही.

आकड्यात दाखवतो म्हणजे फरक कळेल. महिना कमाई २०,००० धरू. चाळिशीच्या आतला, कायम नोकरी नसलेला, म्हणून भावी वाढ ४० टक्के, हे २०१७ च्या प्रणय सेठी निकालावरून. झाले २८,०००, वर्षाचे ३,३६,०००. ३६ ते ४० वयाला गुणक, म्हणजे वर्षाच्या कमाईला ज्यानं गुणायचं तो आकडा, १५, हा सरला वर्मा निकालातला तक्ता. गुणाकार ५०,४०,०००. जखमीच्या दाव्यात स्वतःच्या खर्चाची वजावट होत नाही. आता दाखल्यावर २२ टक्के आहेत आणि तेवढेच धरले तर ११,०८,८००. पण तो वायरमन आहे हे पटवून कमाईचं नुकसान ४० टक्के धरायला लावलं तर २०,१६,०००. हाड तेच, दाखला तोच. नऊ लाखांचा फरक फक्त काम कोणतं होतं हे पुराव्यानं दाखवण्याचा आहे. शिवाय वैद्यकीय खर्च, उपचारकाळात बुडालेली कमाई, सांभाळणाऱ्याचा खर्च, आहार, प्रवास, वेदना, आणि पुढे प्लेटा काढायची शस्त्रक्रिया लागणार असेल तर तिचा अंदाजित खर्च वेगळा. हे आकडे उदाहरणाचे आहेत, तुमच्या प्रकरणात ४० येतील की ३०, हे मी आज सांगू शकत नाही. पण दीड लाखांचा स्टॅम्पपेपर का नाकारायचा, हे यावरून समजेल.

कमाईचा पुरावा नसेल तर न्यायाधिकरण अंदाजानं, बऱ्याचदा किमान वेतनाच्या आसपास धरतं, आणि वायरमनसारख्या कारागिरावर तिथे अन्याय होतो. आयकर विवरण भरलेलं असेल तर उत्तम. अपघातानंतर घाईनं मागच्या वर्षांची विवरणं भरू नका, उलटतपासणीत तारीख बघितली जाते. बँकेचं मागच्या दोन वर्षांचं स्टेटमेंट, गुगल पे-फोन पेवरच्या जमा, वायरमनचा परवाना, आयटीआयचं सर्टिफिकेट, ठेकेदाराचं पत्र. ठेकेदाराचं पत्र एकट्यानं पुरत नाही, तो साक्षीला यायला हवा. त्याला आजच विचारून ठेवा, कारण दोन वर्षांनी नंबर बदललेला असतो.

ठेकेदाराच्याच कामावरून येत होते, म्हणून कर्मचारी नुकसानभरपाईच्या तरतुदींखालीही (आधी वेगळा कायदा होता, नोव्हेंबर २०२५ पासून सामाजिक सुरक्षा संहिता) मागता येईल का, असं कुणी सुचवेल. येईल, पण कलम १६७ प्रमाणे दोन्हींपैकी एकच. तुमच्यासारख्या प्रकरणात मोटार वाहन कायद्याचा मार्ग जास्त रक्कम देणारा ठरतो. ती निवड एकदा झाली की फिरवता येत नाही, म्हणून कामगार आयुक्तालयात अर्ज टाकण्याआधी थांबा.

स्वतःच्या इतर पॉलिसी मात्र वेगळ्या. बँकेनं वीस रुपये कापून प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजना चालू ठेवली असेल, तर तिच्यात मृत्यू, पूर्ण अपंगत्व, किंवा एक हात, पाय, डोळा निकामी झाल्यावरच पैसे आहेत. अशा फ्रॅक्चरला बहुधा नाही, तिथे वेळ घालवू नका. पण वेगळी वैयक्तिक अपघात पॉलिसी असेल, पतसंस्थेची, संघटनेची, कर्जासोबत आलेली, तर तिच्यात काम बंद राहिल्याच्या आठवड्यांचे पैसे असू शकतात. कपाट, बँकेचे एसएमएस तपासा आणि सापडली की लगेच लेखी कळवा. ही रक्कम मागितल्यानं टेम्पोवरचा दावा अडत नाही.

वकिलांबद्दल सरळ सांगतो, मी स्वतः त्यांच्यातलाच असूनही. निकालाच्या रकमेवर टक्केवारी ठरवणं वकिलाला नियमानं मना आहे. हॉस्पिटलच्या जिन्यात भेटलेला दलाल ‘आत्ता काही देऊ नका, नंतर तीसचाळीस टक्के’ म्हणाला तर नमस्कार करून निघा. कोऱ्या कागदावर, कोऱ्या चेकवर, न वाचलेल्या कशावरही सही करू नका. बँक खातं तुमच्या पतींच्या नावाचं, पासबुक आणि एटीएम तुमच्याच घरात. फी परवडत नसेल तर जिल्हा न्यायालयाच्या आवारातच जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय आहे. ठरावीक उत्पन्नाच्या आतल्यांना आणि अपंगत्व असलेल्यांना तिथून मोफत वकील मिळतो.

दाव्यानंतर नोटिसा लागतील, विमा कंपनी म्हणणं देईल, मग तुमच्या पतींची आणि डॉक्टरांची साक्ष. डॉक्टरांची साक्ष टाळून नुसता दाखला जोडला, तर टक्का कमी धरला जातो, असा माझा सततचा अनुभव आहे. मधे लोकअदालतीची तारीख येईल. तिथली तडजोड चांगली असू शकते, पण लोकअदालतीच्या निवाड्यावर अपील नसतं, म्हणून दाखला हातात आल्यावरच त्या टेबलावर बसा.

पुढच्या फॉलोअपला डॉक्टरांकडे जाल तेव्हा त्यांना तीन गोष्टी केसपेपरवर लिहायला सांगा: मनगट आणि हात किती अंशांपर्यंत फिरतो, दोन्ही बाजूंनी मोजून, मुठीची पकड डाव्याच्या तुलनेत किती, आणि प्लेटा काढाव्या लागतील का, लागल्यास साधारण कधी. ‘पेशंट वायरमन आहे’ हेही त्याच कागदावर त्यांच्या हातानं येऊ द्या. एक्स-रेच्या फिल्म तारखेप्रमाणे गादीखाली सपाट ठेवा, आणि सीडीवर दिले असतील तर घरच्या संगणकावर एकदा उघडून पाहा, कारण काही सीड्या रिकाम्याच निघतात.